लोकमान्य नगरातलं न्हाणीघर: वॉटरप्रूफिंगवरून निसटलेला ग्रॅनाइट

जानेवारीत एका रात्री दोनच्या सुमाराला इंदूरच्या लोकमान्य नगरात, काकांच्या घरी वरच्या मजल्यावर धाडकन आवाज झाला. काकांना वाटलं मांजराने काही पाडलं. काकूंना वाटलं काकाच पडले. दिवा लावून बघतात तर न्हाणीघराच्या भिंतीतला काळ्या ग्रॅनाइटचा एक दगड खाली, मधोमध तुटलेला, आणि काकूंच्या माहेरच्या पितळी घंगाळाला कडेशी बोटभर पोचा. घंगाळ मध्ये आलं म्हणून खालची फरशी वाचली, असं काका आजही सांगतात. काकू त्यावर काही बोलत नाहीत.

मी सिव्हिलचा माणूस. इंदुरात नवी बांधकामं कमी आणि जुन्या घरांची डागडुजी जास्त, असं माझं काम. काका वडिलांचे मित्र, म्हणजे इथे फी नाही आणि सबबही नाही. सकाळी सातला हजर झालो.

घर १९८० च्या दशकातलं, खाली नऊ इंची भिंती, वर नंतर चढवलेला मजला. न्हाणीघर आठ बाय पाच फुटांचं. त्याची आठ फुटी भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची, आणि पलीकडे काकांची झोपायची खोली. शॉवर नेमका याच भिंतीवर. दोन वर्षांपूर्वी सगळं उखडून नवं केलं होतं: सात फुटांपर्यंत लेदर फिनिशचा ग्रॅनाइट, १८ मिमी जाड, दोन बाय एक फुटाचे तुकडे, आडवे, एकाला एक भिडवून, मधे पांढरं सिमेंट. दिसायला देखणं होतं, यात वाद नाही.

"आणि वॉटरप्रूफिंग केलं होतं बरं का," काकू म्हणाल्या. "त्याचे वेगळे पैसे घेतले होते त्याने."

केलं होतंच. पडलेला दगड उलटा केला तर पाठीवर सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, अगदी शाबूत. गोळ्यांची भिंतीकडची तोंडं मात्र काळी आणि काचेसारखी गुळगुळीत. भिंतीवर जिथून दगड सुटला तिथेही तसंच काळं, चकचकीत. बोट फिरवलं तर कुठे खरखरीत लागेना. डांबरी रंगाचा कोट होता तो. खालच्या खोलगट स्लॅबला मारतात तोच, उरलेला भिंतीवर तीन फुटांपर्यंत चढवलेला. पाणी अडवायला डांबर उत्तम. पण त्यावर सिमेंट धरत नाही, नुसतं टेकून राहतं.

माझ्याबरोबर मिस्त्री होता, तीस वर्षं हेच काम करणारा. त्याने तुटलेला तुकडा हातात घेऊन निवाडा दिला: "भिया, ये गिरा नहीं है. ये चिपका ही नहीं था."

मग दोन वर्षं टिकला कसा? खालची ओळ जमिनीवर उभी होती, तिला पडायला जागाच नव्हती. त्यावरची ओळ तिच्या डोक्यावर, आणि शेजारचे दगड एकमेकांना दाबून. पत्त्यांचा बंगला टिकतो तसं. पडला तो दुसऱ्या ओळीतला, शॉवरच्या अगदी खालचा. थंडीच्या दिवसांत पहाटे भिंत गारठलेली असते, आणि काका त्यावर कढत पाणी सोडतात. ग्रॅनाइट ३० अंशांनी तापला तर आठ फुटांच्या लांबीत साधारण अर्धा मिलीमीटर वाढतो. भिडवून बसवलेल्या दगडांना तेवढीही जागा नव्हती, म्हणून ओळ बाहेर फुगली. मागे पकड नाही म्हटल्यावर एका रात्री थंड होऊन आकसताना एकाने जागा सोडली.

तीन फुटांवरची ओल

खरं कोडं पलीकडच्या खोलीत होतं. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीला लोणा लागलेला. रंगाचे पापुद्रे, त्याखाली पांढरी भुकटी. मिस्त्रीने बोट लावून जिभेला लावलं (त्याला मी कितीदा सांगितलंय, ऐकत नाही) आणि मान डोलावली: खार.

जमिनीतून किंवा स्लॅबमधून ओल चढली तर ती तळाशी सगळ्यात जास्त आणि वर विरत जाते. इथे उलटं होतं. सगळ्यात वाईट पट्टा जमिनीपासून तीन फुटांवर, आणि तिथून खाली ओघळल्यासारखा. पलीकडे डांबराचा कोट संपत होता, तीही उंची तीन फूटच. टेप दोन्हीकडे लावून बघितला; दोन इंचांचा फरक.

तरी आधी पाइप निर्दोष ठरवायला हवे होते. शॉवरची लाइन वेगळी करून हातपंपाने दहा बारचा दाब दिला, रात्रभर काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाइप बंद ठेवून बाहेरून नळी आणून नुसत्या भिंतीवर अर्धा तास पाणी सोडलं. चौथ्या तासाला खोलीतला पट्टा गडद झाला. म्हणजे पाणी दगडांच्या सांध्यांतून आणि मिक्सर नळाच्या चकतीमागच्या भोकातून आत जात होतं. गोळ्यांच्या मधल्या पोकळीतून खाली घसरत डांबराच्या वरच्या काठाशी पोचलं, तिथे काही गोळ्यांवरून पुढे गेलं आणि उरलेलं उघड्या प्लास्टरमधून विटेत शिरलं. कोटाने अर्ध्या भिंतीचं पाणी अडवलं आणि ते सगळं एका रेघेवर गोळा करून दिलं.

काकांचा युक्तिवाद

काकांनी हे ऐकून घेतलं आणि निर्णय जाहीर केला: या वेळी वॉटरप्रूफिंग करायचंच नाही. "त्याच्यामुळेच तर पडला ना दगड? आमच्या वाड्यात मोरी होती, चाळीस वर्षं आंघोळी झाल्या, कुणी कोट मारला होता?"

मी हे इथे लिहितोय कारण यात काका पूर्ण चुकीचे नव्हते. दगड वॉटरप्रूफिंगमुळेच पडला होता. पण मोरीत दगड जमिनीवर पडून असायचा, भिंत दीड फुटाची असायची, आणि बादलीभर पाणी तांब्याने अंगावर घेतलं जायचं. भिंतीवर पंधरा मिनिटं फवारा बसत नसे. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आहेत, वरचे लाकडाचे, पण तिथला दगड दगडावर बसलाय. काकांच्या न्हाणीघरात दगड भिंतीला टांगलाय.

किती टांगलाय, ते मी त्यांच्या समोर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं. ग्रॅनाइटची घनता घनमीटरला साधारण २७०० किलो. १८ मिमी जाडीला चौरस मीटरमागे ४८-४९ किलो. दार-खिडकी वजा करून भिंतीचं क्षेत्र १५ चौ. मी., म्हणजे दगड ७३० किलो. चिकटवायचा मसाला आणखी सव्वाशे. एकूण साडेआठशे किलो. सिमेंटची सतरा पोती भिंतींना चिकटवल्यासारखं.

काकांचा चेहरा पडला. मग मी दुसरी बाजू दाखवली, कारण पहिला आकडा ऐकून सगळेच घाबरतात आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतात. चौरस मीटरला ५७ किलो हे वजन चौरस मिलीमीटरवर वाटलं तर ०.०००५६ न्यूटन येतं. युरोपीय ईएन १२००४ मानकात साध्या, सी१ वर्गाच्या टाइल अॅडहेसिव्हला (चिकटवायच्या मसाल्याला) ०.५ न्यूटन प्रति चौ. मिमी पकड असावी लागते, सी२ ला १ न्यूटन. म्हणजे साधाही मसाला नीट लागला तर गरजेच्या शेकडो पट ताकद आहे. जड दगड वजनाने पडत नाही. तो पडतो पाठीशी हवा असली तर, किंवा दगड ते वीट या वाटेवर एखादा थर कच्चा असला तर. दगडाला मसाला धरतो, मसाल्याला वॉटरप्रूफिंगचा कोट, कोटाला प्लास्टर, प्लास्टरला वीट. या पाचांत जो सगळ्यात कच्चा, तेवढीच पूर्ण भिंतीची ताकद. काकांच्या भिंतीत कच्चा थर कोटाचा होता, आणि कोट मारणाऱ्याने तो पाणी अडवतो का एवढंच पाहिलं होतं.

तीन फुटांच्या वरचे दगड काढताना आणखी एक कच्चा थर सापडला. तिथे डांबर नव्हतं, तरी छिन्नी लावताच दगड सुटत होते, आणि आता गोळे भिंतीवर राहत होते, दगडाच्या पाठीला सिमेंटचा कणही नाही. नुसत्या सिमेंटचा घोळ टाइलला धरतो तो टाइल तो शोषून घेते म्हणून. पूर्वीच्या पांढऱ्या सहा बाय सहाच्या टाइल्स रात्रभर हौदात भिजवायचे, कारण त्या पाणी प्यायच्या. ग्रॅनाइट अर्धा टक्काही पाणी पीत नाही. मिस्त्र्यांची आधीची पिढी चुकीची नव्हती, त्यांच्या हातातला माल बदलला आणि मसाला तोच राहिला. त्यात दगडांची पाठ करवतीच्या भुकटीने माखलेली. बोट फिरवलं की बोट पांढरं.

खाली भिंतीखालचा स्लॅब हे वजन घेईल का, हेही पाहिलं. सुदैवाने साडेचार इंची भिंत बरोबर खालच्या नऊ इंचीवर उभी होती. नसती तर मी काकांना पातळ टाइलवर राजी केलं असतं.

उखडण्यापासून रंगपंचमीपर्यंत

डांबर खरवडून निघत नाही, उलट प्लास्टरच्या छिद्रांत आणखी पसरतं. म्हणून चारी भिंतींचं प्लास्टर विटेपर्यंत उतरवलं. ऐंशीपैकी दोन दगड फुटले, बाकी उतरवून गच्चीवर रचले. काकांची अट होती की दगड तेच वापरायचे. "दगड काय खराब होतो का रे?" नाही होत. पाठीवरचं डांबर आणि सिमेंट ग्राइंडरने घासून, पाणी आणि ब्रशने धुऊन वाळवले. या कामाला दोन मजुरांचे तीन दिवस गेले. तीन दिवस वाचवायचे म्हणून पाठ न धुता लावणारे मला माहीत आहेत.

विटेवरचा खार आधी कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. आधी पाणी मारलं तर तो विरघळून परत आत जातो. झाडून, मग धुऊन, खिडकी उघडी टाकून भिंत फेब्रुवारीच्या हवेत वाळू दिली. वाळली का ते बघायला दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांबायचं. आम्हाला तीनदा थांबावं लागलं.

पाइप सीपीव्हीसीचे नवे घातले. त्यांच्या झिऱ्या साडेचार इंची भिंतीत दीड इंचाहून खोल जाऊ दिल्या नाहीत, आणि आडवी लांब झिरी एकही नाही. दाब देऊन तपासल्यावर, भरायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, टेप लावून. हा फोटो पुढे कामाला आला. झिऱ्यांवर आणि वीट-काँक्रीटच्या सांध्यावर कोंबडी जाळी, आधी सिमेंट-रेतीचा छपका, मग एकास चारचं प्लास्टर, नर्मदेची रेती, पोत्यामागे २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. हा द्रव प्लास्टर घट्ट करतो, पण त्यालाच वॉटरप्रूफिंग समजून पुढचं काम सोडून देणं ही आपल्याकडची नेहमीची पळवाट. प्लास्टर ओळंब्यात आणि सपाट, पण घोटलेलं नाही. मिस्त्रीचा हात सवयीने गुळगुळीत करायला जायचा. मी मागे उभा राहून "रहने दो, रहने दो" करत होतो.

सात दिवस पाणी मारलं. मग होळी आली, आणि इंदुरात होळी म्हणजे फक्त होळी नाही. पाच दिवसांनी रंगपंचमी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि गेर झाल्यावर दोन दिवस कुणीही भेटत नाही. काका चिडले. मी मात्र मनातून खूश होतो. प्लास्टर आकसून घ्यायचं ते आधीच घेऊन टाकेल, आणि मला ते कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

दोन नमुने

कोट कुठला लावायचा, यावर एका विक्रेत्याशी माझी तासभर चर्चा झाली. त्याचा आग्रह पॉलियुरेथेनच्या लवचीक कोटाचा. डब्यातून काढून ताणून दाखवला, रबरासारखा. पाणी थेंबभर जाणार नाही, म्हणाला. त्याचं खरं होतं. मला मात्र दोन घटकांचा, ॲक्रिलिक पॉलिमर मिसळलेला सिमेंटी कोट हवा होता, जो ब्रशने लागतो आणि वाळल्यावर सिमेंटच्याच जातीचा राहतो. वाद घालण्यापेक्षा दाराआडच्या भिंतीवर दोन्ही कोट दोन-दोन फुटांत मारले. त्यांच्यावर एकाच पोत्यातल्या मसाल्याने ग्रॅनाइटचा एकेक तुकडा लावला आणि चौदा दिवस हात लावला नाही.

चौदाव्या दिवशी काका, काकू, मिस्त्री आणि मी असे चौघे त्या छोट्या न्हाणीघरात. मिस्त्रीने पॉलियुरेथेनवरच्या तुकड्याच्या वरच्या कडेला चपटी छिन्नी लावली आणि हातोडीचे दोन हलके घाव घातले. दगड अलगद हातात आला, मसाल्यासकट. कोट भिंतीवर जसाच्या तसा, त्यावर खाचांच्या थापीचे मसाल्याचे ठसे दिसत होते, पण मसाल्याचा कण नाही. तोच डांबराचा प्रकार, फक्त रंग वेगळा. विक्रेत्याच्या बाजूने एक सांगायला हवं: हा कोट ओला असताना त्यावर रेती पेरली तर तिच्या दाण्यांना मसाला धरतो. त्याने ते सांगितलं नव्हतं, आणि डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं मी नंतर वाचलं.

दुसऱ्या तुकड्याला सात-आठ घाव लागले. तो आला तेव्हा दोन तुकड्यांत, आणि त्याच्या पाठीवर मसाला, मसाल्यावर करडा कोट, आणि कोटावर तळहाताएवढा प्लास्टरचा खपला, रेतीच्या दाण्यांसकट. म्हणजे तुटलं ते प्लास्टर. कोट आणि मसाल्याचे दोन्ही सांधे शाबूत. "आता ते प्लास्टर कच्चं ठरलं ना?" काकांनी विचारलं. हो, पाचांत कुणीतरी कच्चं असणारच. तो कच्चा थर आपल्या ओळखीचा, छपक्यावर बसलेला, सात दिवस पाणी पाजलेला थर असावा, एवढंच हवं.

कोट सगळ्या भिंतींना सात फुटांच्याही वर, दगडाच्या काठापलीकडे चार इंच नेला. तीन फुटांची रेघ मला परत नको होती. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात आधी मसाल्याचा गोल वाटा काढला, मिस्त्री त्याला गोला म्हणतो. कोपऱ्यांत आणि पाइपांच्या तोंडाशी कोटात काचतंतूंची जाळी बसवली. भिंत ओलसर, पण पाणी न ओघळणारी. पहिला हात आडवा, दुसरा उभा. दुसऱ्या हातात थोडा रंग घातला, म्हणजे पहिला कोट कुठे उघडा राहिला ते लांबून कळतं. शिवाय रिकाम्या पिशव्या मी मोजतो. क्षेत्र भागिले एका पिशवीत होणारं क्षेत्र असा हिशेब लावून पिशव्या कमी निघाल्या तर कोट पातळ लागलाय, माणूस कितीही शपथा खावो. काकांकडे पहिल्या दिवशी दीड पिशवी कमी निघाली आणि खिडकीच्या खालचा भाग परत झाला.

या कोटावर प्लास्टरसारखं पाणी मारायचं नसतं, तो हवेत पक्का होतो. पाच दिवसांनी नहाणी ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून जमिनीवर ४८ तास पाणी भरून ठेवलं, आणि शॉवरच्या भिंतीवर परत अर्धा तास नळी. खोलीतली भिंत कोरडी.

बसवणं

मसाल्याच्या पोत्यावर भारतीय मानक आयएस १५४७७, टाइप ४, टी आणि एस१ असं बघून घेतलं. टी म्हणजे उभ्या भिंतीवर दगड खाली सरकणार नाही, एस१ म्हणजे थोडा वाकून घेईल. युरोपीय खुणेत हाच साधारण सी२टीई एस१. भिंतीवर मोठ्या खाचांची थापी एकाच दिशेने, दगडाच्या पाठीवर मसाल्याचा पातळ हात, आणि दाबून किंचित सरकवून बसवायचा, म्हणजे खाचांचे वळ चेपून हवा निघते. गोळे नाहीत. ओल्या जागी मसाला पाठीच्या ९५ टक्के तरी भागाला लागलेला हवा, म्हणून दर दहा दगडांमागे एक लगेच उचलून पाठ बघितली. उचललेल्या दुसऱ्याच दगडाला कोपऱ्यांत कोरडी नक्षी दिसली. मिस्त्रीने थापी जास्त आडवी धरली होती. त्याने कुरकुर न करता थापीचा कोन बदलला. नंतर तो स्वतःच उचलून दाखवू लागला.

एक भांडण झालं ते फळीवरून. पहिली ओळ लेव्हलमध्ये बसावी म्हणून मिस्त्री लोक भिंतीत खिळे ठोकून फळी लावतात. हातोडी उचलली तेव्हा मी ओरडलो. नव्या कोटात सहा भोकं! शेवटी जमिनीवर विटा आणि पाचरी मांडून त्यावर फळी टेकवली. दिवसाला तीनच ओळी. सांध्यांत ३ मिमीचे स्पेसर, सांधे इपॉक्सी ग्राउटने भरले, पण भिंत-भिंतीच्या आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथे हालचाल होते आणि ग्राउट तडकतो. काकूंना सांधे आवडले नाहीत. आधीचं बिनसांध्याचं जास्त छान दिसायचं, म्हणाल्या. दिसायचं खरंच.

त्यांना मधे एक पट्टा हिरव्या मार्बलचाही हवा होता, राजस्थानातला. त्याला मी ठाम नकार दिला. हिरव्या मार्बलचे बरेच प्रकार सर्पेंटाइन या खनिजाचे असतात, आणि पाठीकडून पाणी मिळालं, अगदी मसाल्यातलं, तरी ते वाकतात. त्यांना इपॉक्सी मसाला लागतो. दोन प्रकारच्या मसाल्यांचं काम एकाच भिंतीवर, एकाच मिस्त्रीच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही. तसंच हल्ली पाठीला रेझिन आणि जाळी लावलेले मार्बल येतात. त्या जाळीलाही सिमेंटी मसाला धरत नाही.

काकांच्या मुलाने फोटो बघून विचारलं, त्याच्या बायपासजवळच्या फ्लॅटमध्ये असंच करता येईल का. तिथे भिंतींना जिप्समचं प्लास्टर आहे. ब्रिटिश पद्धतीत जिप्सम प्लास्टरवर चौरस मीटरला, मसाल्यासकट, २० किलोची मर्यादा धरतात; हा दगड त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय ओल लागली की जिप्सम मऊ पडतं, आणि सिमेंट त्याला थेट भिडलं तर मधे एट्रिंगाइटचे स्फटिक वाढून मसाला ढकलून देतात. ते प्लास्टर काढून सिमेंटचं करणार असशील तर बोलू, म्हटलं. अजून बोलणं झालेलं नाही.

नंतर

अक्षय्य तृतीयेच्या आत न्हाणीघर सुरू झालं. खोलीतल्या भिंतीवरचा लोणा पहिल्या पावसाळ्यात थोडा परत उमटला. काकांनी घाबरून फोन केला, पण तो विटेत उरलेला जुना खार होता, कोरडी भुकटी, ओल नाही. दोनदा झाडली, नंतर रंग दिला, तेव्हापासून स्वच्छ.

खरी परीक्षा नोव्हेंबरात झाली. काकांनी नवा गिझर घेतला आणि लावायला आलेला मुलगा ड्रिल घेऊन उभा. काकांनी मला फोन लावला: "भोक पाडू का म्हणतोय. थांबवलाय त्याला." प्लास्टरआधीचे फोटो काढून पाइप कुठून गेलेत ते सांगितलं, आणि गिझर शॉवरच्या भिंतीवर न लावता दाराच्या वर, दगडाच्या नि कोटाच्याही काठाच्या वरच्या बाजूला घ्यायला लावला. टॉवेलच्या दांडीची दोन भोकं मात्र कोटातून जाणारच होती. ती मी स्वतः जाऊन पाडली, आतली धूळ फुंकून काढली, सिलिकॉन भरलं आणि मग स्क्रू बसवले.

सगळ्या दगडांवर एकदा नाण्याने टकटक करून पाहिलं होतं. अठ्ठ्याहत्तरचा आवाज ठणठणीत. खिडकीखालच्या एकाचा एका कोपऱ्यात बद्द, आणि फुटलेल्यांच्या जागी आणलेल्या नव्या दोनांपैकी एकाचा, दाराआडच्या, खालच्या कडेला. दोन्हींवर ग्राउटच्या रेघेशी पेन्सिलने बारीक फुली केली आहे. दिवाळीला फराळाला गेलो की काकू घंगाळात पाणी काढलंय म्हणून हाक मारतात, पोचा भिंतीकडे वळवलेला असतो, आणि मी आधी नाणं काढून त्या दोन फुल्यांवर टकटक करतो. दुसऱ्या दिवाळीलाही पोकळ भाग तेवढाच होता, फुलीपासून साधारण तीन बोटं.